दगडी पाला जखमेवर खरंच काम करतो का?

गोदाकाठ | २६ जुलै, रात्री १०.१०

मागच्या रविवारी गावी गेलो होतो, परभणी जिल्ह्यात. सोयाबीनची खुरपणी चालू होती. हौस म्हणून मीही खुरपं हातात घेतलं आणि दहाव्या मिनिटाला ते तणाऐवजी डाव्या हाताच्या बोटावर ओढलं. रक्त भळाभळा.

शेजारच्या पातीतल्या मावशी उठल्या. बांधावरचा दगडी पाला ओरबाडला, दोन तळव्यांत चोळला, हिरवा रस बोटावर पिळला आणि चोथा वर दाबला. मग जुन्या लुगड्याची चिंधी काढून करकचून बांधली आणि परत पातीला लागल्या. सगळं मिळून पाच मिनिटं. रक्त थांबलं, ठणकाही कमी झाला.

पुण्यात परतल्यावर बायकोनं चिंधी सोडली आणि माझा उद्धार केला. "मातीतला पाला जखमेत? धनुर्वाताचं इंजेक्शन तरी घेतलंस का?" नव्हतं घेतलं. तिच्या शब्दांत मी 'शिकलेला अडाणी' आहे.

रात्री झोप येईना म्हणून शोधत बसलो. दगडी पाला म्हणजेच कंबरमोडी, म्हणजेच एकदांडी. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. आणि मूळ गाव? मध्य आणि दक्षिण अमेरिका! लिनियसनं १७५३ साली नाव दिलं ते मेक्सिकोकडच्या नमुन्यावरून. आमच्या पणजोबांपासूनचं औषध म्हणून मी ज्याचा अभिमान बाळगून होतो ते मिरची-बटाट्यासारखं बाहेरून आलेलं निघालं.

तर दोन प्रश्न. तुमच्याकडे जखमेवर कुठला पाला लावतात? आणि इथे डॉक्टर, वैद्य, औषधशास्त्रवाले आहेत त्यांना: यात खरं किती आणि आज्जीची फुंकर किती?

आंबोळी | २६ जुलै, रात्री १०.३४

आमच्या कोकणात रानमोडी. शाळेतून येताना पडून गुडघा फुटला की वाटेवरच इलाज. पाला चुरगाळायचा, तो भयंकर वास, मग जे झोंबायचं त्यानं जखमेचं दुःख विसरायला व्हायचं. तीही अमेरिकेतलीच हो! आता सगळ्या पडीक जमिनी तिनंच खाल्ल्यात. केरळात तिला 'कम्युनिस्ट पच्चा' म्हणतात, एकदा आली की हटत नाही म्हणून असेल. व्हिएतनाममध्ये याच पाल्याच्या अर्काचं मलम भाजलेल्या जखमांवर वापरलं गेलंय.

बोरूबहाद्दर | २६ जुलै, रात्री १०.४१

म्हणजे कंबरमोडी अमेरिकन, रानमोडी अमेरिकन, घाणेरी अमेरिकन, लाजाळूपण अमेरिकन. पानफुटीला आम्ही घायमारी म्हणतो, ती मादागास्करची. कोरफड अरबस्तानातली. आपलं काही आहे की नाही?

अडुळसा | २६ जुलै, रात्री ११.२०

आहे की. मी वैद्य आहे, नाशिकला दवाखाना आहे, म्हणून थोडं लांब लिहितो.

सुश्रुतसंहितेत कंबरमोडी नाही, असणं शक्यच नाही. पण व्रणावर जे आहे ते वाचून आजचे सर्जनही चमकतात. चिकित्सास्थानाचा पहिलाच अध्याय 'द्विव्रणीय'. जखमा दोन जातीच्या: शरीरातल्या बिघाडातून झालेली आणि बाहेरून मार बसून झालेली. त्यावर साठ उपक्रम सांगितलेत. लेप हा त्यातला एक. बाकीच्यांत शेक आहे, कापणं आहे, शिवणं आहे, पिळून काढणं आहे, बांधणं आहे, आणि शेवटी व्रणाचा रंग परत आणणं आणि तिथे केस उगवणं इथपर्यंत यादी जाते. बांधायच्या पट्ट्यांचेच चौदा प्रकार.

मुख्य भेद शोधन आणि रोपण यांचा. आधी जखम साफ, मग ती भरायची. घाण जखमेवर रोपणाचं औषध लावलं तर वरून मिटते आणि आत पू राहतो. लोक नेमकं हेच चुकतात. 'कुठला पाला' विचारतात, 'जखम आता कुठल्या पायरीवर आहे' हे कुणी विचारत नाही.

धुण्यासाठी आम्ही पंचवल्कलाचा काढा वापरतो: वड, पिंपळ, उंबर, पायर आणि पारोसा पिंपळ यांच्या साली. तुरट असतात, स्राव कमी होतो. भरण्यासाठी जात्यादी तेल किंवा तूप. त्यात जाईचा पाला, कडुनिंब, करंज, हळद, दारुहळद, मंजिष्ठा, ज्येष्ठमध, मेण असं बरंच काही. आणि मोरचूद! लोक 'नैसर्गिक तेल' समजून वाटेल तिथे चोपडतात, त्यात तांब्याचा क्षार आहे हे त्यांच्या गावीही नसतं.

फडावरचा | २७ जुलै, सकाळी ६.०५

राम राम. मी बीडचा. आईबाप ऊसतोडीला जायचे, मी बी सहा वर्सं कोयता हाणलाय, आता ट्रॅक्टरवर हाये. फडात कोयता लागला तर दवाखाना कुठला. मुकादम म्हणतो सांच्याला बघू. मग दगडी पाला, न्हाईतर चुना-तंबाकू दाबायची. पाला न्हाई घावला तर माती बी दाबत्यात. माझ्या डाव्या नडगीवर अजून वळ हाये. पाल्यानं रगत थांबतं ह्ये मी डोळ्यानं बघितलंय, उंदरावर कशाला बघायचं.

पांढरा उंदीर | २७ जुलै, सकाळी ९.५०

उंदराचं नाव निघालं, आता येणं भाग आहे. औषधशास्त्रात पीएचडी चालू आहे आणि विषय नेमका हाच: जखम भरण्याचे प्राण्यांवरचे प्रयोग.

हे प्रयोग कसे होतात ते सांगते. उंदराला भूल देऊन पाठीवरचे केस काढायचे. एका गटाची गोल चकती एवढी कातडी काढायची. दर दोन-चार दिवसांनी वर पारदर्शक कागद ठेवून जखमेची कड गिरवायची, क्षेत्रफळ मोजायचं. दुसऱ्या गटाला सरळ चीर देऊन टाके घालायचे आणि दहाव्या दिवशी ती चीर पुन्हा उसवायला किती ग्रॅम ताण लागतो ते बघायचं. शिवाय त्या जागेतलं हायड्रॉक्सिप्रोलिन मोजतात, त्यावरून कोलॅजेन, म्हणजे कातडीला बळकटी देणारं प्रथिन, किती तयार झालं ते कळतं.

कंबरमोडीवर आपल्याकडच्या प्रयोगशाळांनी १९८०च्या दशकापासून काम केलंय. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देऊन उंदरांच्या जखमा मुद्दाम मंदावल्या, तिथे या पाल्यानं तो मंदपणा काही अंशी भरून काढला. म्हणजे पाल्यात काहीतरी आहे, हे नक्की.

आता गोम. उंदराची कातडी सैल असते आणि तिच्याखाली पॅनिक्युलस कार्नोसस नावाचा पातळ स्नायू असतो. त्यामुळे त्याची जखम मुख्यतः आकसून मिटते, बटव्याची नाडी ओढावी तशी. आपल्याला तो स्नायू जवळपास नाहीच. आपली जखम तळातून नवं मांस भरत येते आणि कडेची कातडी वरून सरकत जाते. म्हणून उंदरावर 'जखम लवकर मिटली' म्हणणारी वनस्पती माणसावर तेवढीच चालेल असं नाही. माझ्या टेबलावरच्या कागदांत इतक्या वनस्पती 'काम करतात' की काम न करणारी शोधली तर मला पदवी लवकर मिळेल.

आणि फडावरचा दादा, तुम्ही बघितलं ते खोटं नाही. रक्त थांबणं ही पहिली पायरी झाली. दाब आणि तुरट रस, दोन्हींचा त्यात हात. पण रक्त थांबणं आणि जखम भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बोरूबहाद्दर | २७ जुलै, सकाळी १०.०२

'शिकलेला अडाणी' ही पदवी लगेच मिळते, पाहिजे तर घ्या.

सांगलीकर | २७ जुलै, दुपारी १२.१५

एवढी चर्चा झाली आणि हळदीचं नाव वैद्यबुवांच्या यादीत एकदाच! अमेरिकेनं आपल्या हळदीचं पेटंट घेतलं होतं, माशेलकरांनी ते परत आणलं. म्हणजे हळदीनं जखम भरते हे अमेरिकेतच सिद्ध झालं. आणखी काय पुरावा पाहिजे?

तांब्याभांडं | २७ जुलै, दुपारी १.३०

सांगलीकर, या गोष्टीची चुकीची आवृत्ती दर लग्नाच्या पंगतीत ऐकतो, म्हणून सविस्तर.

पेटंट 'हळदीचं' नव्हतं. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं होतं. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोघांना मिळालं, क्रमांक ५४०१५०४. दोघेही मूळ भारतीय वंशाचे, हा त्यातला विनोद. आपल्या सीएसआयआरनं, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, त्याला आव्हान दिलं, तेव्हा महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर होते. ते गोव्यातल्या माशेलचे. संस्कृत, उर्दू, हिंदीतले मिळून ३२ संदर्भ जमवले, त्यात १९५३ सालचा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. अशी पाळी पुन्हा येऊ नये म्हणून पुढे पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहिलं.

आता मुद्दा बघा. पेटंट रद्द झालं ते 'हे आधीपासून माहीत होतं' म्हणून. 'हे खरं आहे' म्हणून नव्हे. पेटंट कार्यालयाला हळदीनं जखम भरते की नाही याच्याशी कर्तव्य नव्हतं. आपण तो खटला जिंकलो तो आज्ज्यांच्या वतीनं. वैद्यकाचा खटला तिथे चाललाच नाही.

सांगलीकर | २७ जुलै, दुपारी १.४४

हे माहीत नव्हतं. पंगतीतली आवृत्ती मागे घेतो. हळद मागे घेत नाही.

पांढरा उंदीर | २७ जुलै, दुपारी २.२०

घेऊ नकाच. हळदीतलं कर्क्युमिन दाह कमी करतं याची प्रयोगशाळेत भरपूर नोंद आहे. फक्त डब्यातली हळद उघड्या जखमेत भरू नका. दळलेले मसाले निर्जंतुक नसतात, त्यांत जिवाणूंचे बीजाणू असतात. सुट्या हळदीत पिवळ्या रंगासाठी लेड क्रोमेट, म्हणजे शिसं, मिसळल्याचं सापडलेलं आहे. आणि तिसरी अडचण सर्जनला विचारा: पिवळ्याधमक जखमेत पू कुठला आणि हळद कुठली हे ओळखायचं कसं?

चिमटाकात्री | २७ जुलै, रात्री ११.४०

सर्जन हजर. आत्ता ड्युटी संपली. पू आणि हळद ओळखायला आम्ही आधी धुतो. सगळं धुतो. तुमच्या आज्जीचं, तुमच्या केमिस्टचं, सगळं. जखमेवर मी आजवर काय काय बघितलंय: टूथपेस्ट, शाई, कॉफी पावडर, बॅटरीतली काळी पूड, शेण, चुलीतली राख. त्या मानानं पाला म्हणजे सभ्य पाहुणा.

पण मला इथे कुणीच न काढलेला विषय काढायचाय. तुम्ही सगळे पाल्यात औषध शोधताय. मुंबईत भाजलेल्यांवर काम करणाऱ्यांनी पाल्याकडे पट्टी म्हणून बघितलं. गोष्ट सांगतो.

१९६२ साली जॉर्ज विंटर या इंग्रज संशोधकानं 'नेचर'मध्ये एक प्रयोग छापला. डुकराच्या पाठीवर (डुकराची कातडी माणसाच्या कातडीशी बरीच मिळतीजुळती, उंदीरताई मान डोलावतील) छोट्या उथळ जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या, त्यांच्यावर खपली धरली. काहींवर पॉलिथिनचा पातळ पडदा ठेवला. पडद्याखालच्या जखमांवर कातडी जवळपास दुप्पट वेगानं धरली. तोवर सगळे म्हणायचे 'जखमेला हवा लागू दे, सुकू दे'. विंटरनंतर उलटं झालं: जखम ओलसर राहिली पाहिजे. चिकचिकीत नव्हे, ओलसर. कोरड्या खपलीखाली नव्या पेशींना वाट काढावी लागते, ओलाव्यात त्या सहज सरकतात.

आता परदेशात यासाठी महागड्या पट्ट्या आल्या. आपल्याकडे भाजलेल्या बाईच्या अर्ध्या अंगाला रोज ते कुठून आणणार? मुंबईच्या वाडिया रुग्णालयात लहान मुलांच्या जळीत विभागात डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली वापरल्या. साली कापडी पट्टीवर चिकटवायच्या, निर्जंतुक करायच्या आणि जखमेवर ठेवायच्या. १९८५ मध्ये 'बर्न्स' या नियतकालिकात त्याचा अहवाल आला. सालीत काही जादू नाही. ती जखमेला सुकू देत नाही, एवढंच.

पुढे सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी एक पाऊल पुढे टाकलं: केळीचं पान. मधला दांडा काढून पान पट्टीच्या कापडावर चिकटवायचं आणि ऑटोक्लेव्हमध्ये वाफवून निर्जंतुक करायचं. पान मोठं, वरून मेणचट, त्यामुळे जखमेला चिकटत नाही. जळीताची पट्टी बदलताना पेशंट ज्या किंकाळ्या फोडतात त्या ज्यानं ऐकल्यात त्याला 'चिकटत नाही' या दोन शब्दांची किंमत विचारा. २००३ साली त्यांनी बटाट्याच्या सालीशी तुलना करून छापलं. गुण सारखा आणि पान सालीपेक्षाही कितीतरी स्वस्त. (याच सायनला २००० साली त्वचापेढीही सुरू झाली, तीही डॉ. गोऱ्यांच्याच पुढाकारानं.)

सोलापूरचंही घ्या. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये १०४ जळीत रुग्णांवर मधाची तुलना तेव्हाच्या नेहमीच्या सिल्व्हर सल्फाडायझिन मलमाशी केली. मधाच्या गटात ९१ टक्के जखमा सात दिवसांत जंतुमुक्त झाल्या. ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत आलंय. आज जखमेसाठी मिळणारा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, बरणीतला नव्हे.

झोपतो आता.

आंबोळी | २८ जुलै, सकाळी ७.३०

केळीच्या पानावर जेवायचं, केळीच्या पानात पातोळ्या वाफवायच्या, आणि भाजलं तर केळीचं पान बांधायचं. आमच्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "वाफवल्यावर पान चिकटत नाही हे सांगायला सर्जन कशाला लागतो?"

चिमटाकात्री | २८ जुलै, सकाळी ७.५८

आईंना नमस्कार सांगा. पण ताजं पान घरी तोडून भाजल्यावर बांधू नका. आधी २० मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी, बर्फ नाही, मग दवाखाना. वाफवणं म्हणजे पातोळ्यांची वाफ नव्हे, ऑटोक्लेव्हचा दाब.

सोनचाफा | २८ जुलै, दुपारी ३.१०

लिहू की नको करत होते. लिहिते.

माझ्या वडिलांना चौदा वर्षं मधुमेह होता. दोन वर्षांपूर्वी नवीन चपलेचा अंगठा लागला आणि पायाच्या अंगठ्याशेजारी फोड आला, फुटला. दुखत नव्हतं. म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. बाबांना झाडपाल्याची आवड, गच्चीवर कोरफड, कंबरमोडी, कारिवणा सगळं होतं. रोज सकाळी ताजा पाला वाटून लावायचे. वरून जखम सुकल्यासारखी दिसायची. ते खूष होते. मला फोनवर सांगायचे, "बघ, तुझ्या डॉक्टरांनी दीड हजाराचं मलम दिलं असतं."

बाविसाव्या दिवशी ताप आला. जवळच्या एका डॉक्टरांनी पाय न बघताच तापाच्या गोळ्या दिल्या. पंचविसाव्या दिवशी वास यायला लागला. बोट गेलं, मग अर्धा पाऊल. बाबा आज आहेत, काठीनं चालतात, गच्चीवर अजून जातात.

मी पाल्याला दोष देत नाही. पाल्यानं काही बिघडवलं असं डॉक्टरही म्हणाले नाहीत. ते तीन आठवडे गेले, एवढंच. तो फोड दुखत नव्हता हीच खूण होती आणि आम्हाला ती आनंदाची वाटली.

चिमटाकात्री | २८ जुलै, दुपारी ४.०२

सोनचाफा, लिहिलंत हे फार बरं केलंत. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, त्यामुळे दुखत नाही. शिवाय रक्तपुरवठा कमी. जखमेपर्यंत साहित्यच पोचत नाही, मग वरून लावलेल्या कुठल्याही पाल्यानं किंवा मलमानं काय भरणार? अशा पायाला आधी त्या जागेवरचा भार काढावा लागतो, साखर आणि रक्तवाहिन्या बघाव्या लागतात, मेलेलं मांस काढावं लागतं. मधुमेह्याच्या पावलावरची जखम, कितीही लहान, त्याच दिवशी दाखवा. फक्त फोटो पाठवून नव्हे.

अडुळसा | २८ जुलै, रात्री ९.१५

यात आयुर्वेदाचंही दुमत नाही. सुश्रुतानं कुष्ठी, विषबाधित, क्षयी आणि मधुमेही यांच्या जखमा 'कृच्छ्रेण सिध्यन्ति', म्हणजे महत्प्रयासानं भरतात, असं स्पष्ट सांगून ठेवलंय. आणि ज्याच्या जखमेतच आणखी जखम आहे त्याचीही. माझ्याकडे असा पाय आला की मी लेप लावण्याआधी त्याला सर्जनकडे पाठवतो. माझे काही सहकारी पाठवत नाहीत, त्यांच्याबद्दल इथे काय लिहू.

राईनकाठी | २९ जुलै, रात्री १.२०

जर्मनीतून. इथे एक गंमत. भूर्जपत्राच्या जातीतलं बर्च नावाचं झाड आहे, त्याच्या सालीच्या अर्काचं मलम युरोपात २०१६ साली उथळ जखमांसाठी मान्य झालं. मग त्याच अर्काचं जेल २०२२ मध्ये एपिडर्मोलिसिस बुलोसा या आजारासाठी मान्य झालं. त्यात जन्मतः कातडी इतकी नाजूक असते की घासलं तरी फोड येतात. २०२३च्या डिसेंबरात अमेरिकेनंही मान्यता दिली. झाडाच्या सालीपासून निघून सगळ्या परीक्षा पास होऊन औषधाच्या दुकानात पोचलेलं असं उदाहरण विरळा. आपल्या पोथ्या लिहिल्या गेल्या ते हिमालयातलं भूर्ज याच कुळातलं.

पांढरा उंदीर | २९ जुलै, सकाळी १०.३०

छान आठवण. आणि कारिवण्याचंही सांगते, सोनचाफानं नाव घेतलं म्हणून. कोकणात ज्याला ब्राह्मी म्हणतात ती बरेचदा हीच, मंडूकपर्णी. खरी जलब्राह्मी वेगळी. मंडूकपर्णीतलं एशियाटिकोसाइड कोलॅजेन तयार व्हायला चालना देतं. मादागास्करमधल्या वनस्पतीवर काम होऊन फ्रान्समध्ये 'मॅडेकॅसॉल' मलम आलं. आज कोरियन क्रीममध्ये 'सिका' लिहिलेलं असतं ते हेच. गच्चीत फुकट उगवतं आणि लोक दीड हजाराला घेतात.

उलट उदाहरणंही आहेत. कोरफड हलक्या भाजण्यावर उपयोगी दिसते. पण १९९१ साली लॉस एंजेलिसला शस्त्रक्रियेच्या उघड्या राहिलेल्या जखमांवर कोरफडीचं जेल लावून बघितलं, तर नेहमीच्या उपचारानं सरासरी ५३ दिवसांत भरणाऱ्या जखमांना ८३ दिवस लागले. तसंच पपईतल्या पपेनचं. मेलेलं मांस विरघळवायला त्याची मलमं होती, २००८ मध्ये अमेरिकेत ती बाजारातून काढायला लावली, काहींना जीवघेणी ॲलर्जी आली म्हणून. 'पाला आहे, अपाय तर नाही ना' हे वाक्य माझ्यासमोर म्हणू नका.

बोरूबहाद्दर | २९ जुलै, सकाळी १०.४५

आणि बिब्बा! काटा मोडला की बिब्ब्याचा चटका. आमच्या चुलत्यानं पोटरीला लावला, काटा राहिला बाजूला आणि पोटरी उतली. घायपातीच्या नावात 'घाय' आहे म्हणून ती लावणारा एक महाभागही पाहिलाय. रात्रभर खाजवत होता.

फडावरचा | २९ जुलै, रात्री ८.५०

समदं वाचलं. सोनचाफाताईंचं वाचून गप बसलो जरा. आता डाक्टरसायब मला येवढंच सांगा. फडात कोयता लागला. दवाखाना १४ किलोमीटर. गाडी सांच्याला. बाटलीत प्यायचं पाणी हाये, त्ये बी अर्धं. काय करायचं? केळीचं पान मला फडात कुठं घावनार.

चिमटाकात्री | २९ जुलै, रात्री १०.१५

या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. क्रमानं सांगतो.

आधी दाब. अंगावरचं त्यातल्या त्यात स्वच्छ कापड घडी करून जखमेवर घट्ट दाबा, हात-पाय वर धरा, दहा मिनिटं. मधे उघडून बघायचं नाही. बहुतेक रक्त दाबानंच थांबतं, पाला असो नसो. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. उडी मारणारं रक्त असेल, बोट वळत नसेल किंवा जखमेच्या पुढचा भाग बधिर झाला असेल, तर मुकादमाचं ऐकू नका. ट्रॅक्टर काढा, आत्ता.

दुसरं, धुणं. रक्त थांबलं की बाटलीतलं पाणी जखमेवर धारेनं सोडा. पिण्याजोगं पाणी जखम धुण्याजोगं असतं. झाकणाला भोक पाडून बाटली दाबली तर अर्ध्या पाण्यातही चांगलं धुतलं जातं. पाणी नसेल तर पाला नको, तंबाखू नको, चुना नको, माती तर नकोच. धनुर्वाताचे बीजाणू मातीतच असतात. नुसतं कापड बांधून या.

तिसरं, इंजेक्शन. प्राथमिक आरोग्य केंद्रात धनुर्वाताचं इंजेक्शन फुकट मिळतं, आता टीटीऐवजी टीडी म्हणतात. शेवटचं घेऊन दहा वर्षं झाली असतील, किंवा घाण जखम असून पाच वर्षं झाली असतील, तर घ्या. आयुष्यात कधी पूर्ण डोस झालेच नसतील तर तेही तिथे सांगा. शेवटचं कधी घेतलं हे आठवत नसेल, आणि कुणालाच आठवत नाही, तर घ्याच.

टाके लागणार असतील तर त्याच दिवशी या. सांच्याला म्हणजे सांच्याला, परवा नाही.

फडावरचा | २९ जुलै, रात्री १०.३१

झाकणाला भोक. ह्ये ध्यानात ठिवतो. टोळीतल्या पोरांस्नी बी सांगतो. नडगीला लागलं तवा ह्ये कुणी सांगितलं न्हाई.

गोदाकाठ | २ ऑगस्ट, सायंकाळी ७.२०

धागाकर्ता परत आला. इंजेक्शन घेतलं, २८ तारखेलाच, बायको सोबत आली होती, म्हणजे पुरावा आहे. बोट बरं आहे. एक बारीक पांढरी रेघ राहील म्हणतात.

काल गावी फोन केला, मावशींशी बोललो. म्हटलं, इथे एवढे डॉक्टर म्हणतायत की आधी धुवायला पाहिजे होतं. त्या फिसकन हसल्या. म्हणाल्या, "आरं, तू तिकडं त्वांड करून डोळं मिटून बसला व्हतास. कळशीतलं पाणी वतलं की म्या, दोन डाव. लुगडं बी धुतलेलंच व्हतं. जखम धुतल्याबिगर पाला लावत न्हाईत, एवढं बी कळत न्हाई व्हय?"

पाला कुणी शिकवला विचारलं, तर म्हणे सासूनं. सासूला कुणी, ते त्यांना ठाऊक नाही.

बोरूबहाद्दर | २ ऑगस्ट, सायंकाळी ७.२८

म्हणजे पाच मिनिटांतली दोन मिनिटं तू पाहिलीच नाहीस आणि आम्ही आठवडाभर इथे उंदीर-डुकरं मोजतोय!

आंबोळी | २ ऑगस्ट, रात्री ८.०५

कुणीतरी कंबरमोडीचा नीट फोटो टाका ना. इथे मुंबईत सोसायटीच्या भिंतीला एक उगवलंय: लांब दांडा, टोकाला एकच फूल, मध्ये पिवळं, कडेला फिकट पाकळ्या, प्रत्येक पाकळीला तीन दात. पानं खरखरीत केसाळ. तेच का?

पांढरा उंदीर | २ ऑगस्ट, रात्री ८.४०

तेच. एका दांड्याला एक फूल, म्हणून एकदांडी. भिंतीखाली कुत्री येत असतील तर मात्र नुसतं बघा.